काटा

तीस वर्षं हळदीच्या पेठेत काट्यावर बसलो.
पोतं चढलं की आकडा सांगायचा.
ना अडत्याकडं बघायचं ना शेतकऱ्याकडं,
नुसतं काट्याकडं.
आता पहाटे चारला उठून
दुसराच काटा बघत बसलोय,
तिळावर येतो तो.

नदीवरनं गारठा गावभागात शिरलाय,
बोळातली कुत्री राखेत तोंड खुपसून पडलीत.
हलव्याला असलीच थंडी लागते.
शेगडीत चार कोळसे, त्यांच्यावर राख तशीच ठेवलेली,
वर परात,
पुरात माळ्यावर राहिली म्हणून वाचली, कड तेवढी चेपली.
परातीत वाटीभर तीळ.
चमचाभर पाक, पाच बोटं,
पाक सुकेस्तोवर बोटं थांबवायची नाहीत.
मग पुन्हा चमचाभर.
आज तिसरा दिवस.

घाई केली की गोळा होतो, शमशादभाभी म्हणाल्या.
त्या शिकल्या वरच्या मजल्यावरच्या लेलेबाईंकडून.
लेलेबाई आता पुण्यात असतात
आणि हलवा विकतचा आणतात.

नातीचं बोरन्हाण आहे रविवारी.
नाव इहा. मी हटकून ईशा म्हणतो,
लेक फोनवर दुरुस्त करते.
हार, बाजूबंद, छोटा मुकुट,
सगळं भाभी ओवणार, दोरा त्यांचा, दाणा माझा.

सुगंधा मिरजेला, रात्रपाळीवर.
जाताना केसपेपरच्या पाठीवर लिहून गेली:
पावटा, घेवडा, सोलाणे, गाजर,
डिग्रजची वांगी, लहान, देठाला काटे असलेली,
बोरं आठ, उसाचे करवे,
तीळकूट दोन चमचे, शेवटी.
खाली रेघ मारून: मीठ बघून.
औषधं लिहावीत तसं.

मंडईत पावटेवालीशी वाद झाला.
शेंगेत अळी निघाली, तर म्हणते,
बिनअळीचा पावटा गोड नसतो मामा, अळीला इचारा.
घेतला. काय करणार, खरं असावं.

सहा वाजता परात उतरवली, कढई चढवली.
पावटा फोडणीत पडला तसा
घरभर तो हिरवा, उग्र वास झाला,
वर्षातून एकदाच येणारा.
बोरं सगळ्यात शेवटी टाकली, अख्खी.
राळ्याचा भात जरा खाली लागला.
भाकरीवर तीळ थापताना
निम्मे तव्यावर उडाले, तडतडले, गप्प झाले.

साडेसातला जिन्यात तिच्या चपला वाजल्या.
पिशवी खुंटीला, आणि पहिली परातीपाशी.
दाणा उचलून खिडकीकडं धरला.
"काटा आलाय," म्हणाली,
"पण हे पिवळं कशानं?"

मी हात पुढं केले.
रिटायर होऊन दोन वर्षं झाली,
साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं,
बोटांच्या रेघांतली हळद काही जात नाही.
गरम पाकात थोडी थोडी सुटत गेली असणार.
म्हटलं, तुझे हातमोजे घालून करायला हवं होतं.
"मोजे घालून मला शीर सापडते," ती म्हणाली,
"तुला हे सापडलं नसतं."
आणि दाणा तोंडात टाकला.

मग उभ्यानंच जेवली, ओट्याला टेकून,
भाकरीवर लोणी, भाजीतली बोरं वेचून वेचून.
रात्री आठ नंबरच्या कॉटवर काय झालं
ते सांगायला लागली आणि मध्येच थांबली.
स्वेटर काढला तिनं,
कोपरापासून मनगटापर्यंत शहारा उठला,
बारीक, सगळीकडं सारखा.
मी बघत राहिलो.

"किती भरला हलवा?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, तोलला नाही.
"तू?"
बोराची बी गालात धरून ती हसली.
बाहेर ऊन बोळाच्या तोंडापर्यंत आलं होतं,
अजून आत यायचं होतं.